मूळ रहिवासी स्त्री आणि कायद्याचे संरक्षण

कायदा सर्वांना सारखा असावा, हे तत्त्व आता कोणी उघडपणे नाकारीत नाही. परंतु कायदा पुस्तकात सारखा असणे ही एक गोष्ट आणि तो प्रत्येकाच्या हाताला सारखाच लागणे ही दुसरी गोष्ट. घरात मारहाण सोसणारी एखादी स्त्री घ्या. तिच्यासाठी कायदा झालेला आहे, न्यायालय उघडे आहे, पोलीस ठाणे आहे, फी न घेणारा वकीलही आहे. आणि तरीही ती त्या दारापर्यंत जात नाही. ती अडाणी आहे, भित्री आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः पुष्कळदा न जाण्याची कारणे तिने नीट विचार करून ठरविलेली असतात. आणि ती शांतपणे ऐकून घेतली, तर खोडून काढणे आपल्यालाच जड जाते.

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी स्त्रियांच्या उदाहरणाने करणार आहोत. तेथे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या स्त्रियांनी स्वतः पुढे होऊन कायद्याच्या मदतीची एक निराळी पद्धत उभी केली. तिला ‘सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित’ मदत असे म्हणतात. शब्द जरा जड आहे; पण त्यामागचा अनुभव परक्या घरात गेलेल्या कोणत्याही माणसाला समजण्याजोगा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी म्हणजे खंडभर पसरलेले ॲबोरिजिनल लोक आणि उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे लोक. हा एकच एक समाज आहे असे समजण्याचे कारण नाही. १७८८ साली इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा तेथे शेकडो गण आणि शेकडो भाषा नांदत होत्या. आज देशाच्या लोकसंख्येत या लोकांचे प्रमाण शेकडा चाराच्या आतच आहे. पण घरातील मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणाऱ्या स्त्रियांचा हिशेब पाहिला, तर चित्र पालटते. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य व कल्याण संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१४-१५ या वर्षी मूळ रहिवासी स्त्रिया इतर स्त्रियांच्या ३२ पट अशा कारणाने रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. आणि हा हिशेब रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांचाच. तेथील गुन्हेशास्त्र संस्थेच्या २०११ सालच्या एका निबंधात असा अंदाज दिला आहे की, या स्त्रियांवरील हिंसेपैकी सुमारे शेकडा नव्वद हिंसा कोणाला सांगितलीच जात नाही.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. मारणारा पुरुष त्याच समाजातला असतो असे गृहीत धरले जाते. ते खरे नाही. कितीतरी मूळ रहिवासी स्त्रियांचे पती किंवा सोबती गोरे अथवा इतर वंशांचे आहेत. तेव्हा ही हिंसा म्हणजे अमुक एका समाजाची रीत, हे म्हणणे चुकीचे तर आहेच, शिवाय ते मारणाऱ्याच्या सोयीचेही आहे.

भीती कोठून आली?

आता ती स्त्री बोलत का नाही, याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील वसाहतींनी आणि पुढे राज्यांनी एकामागून एक ‘संरक्षण’ कायदे केले. व्हिक्टोरियाने १८६९ मध्ये, क्वीन्सलंडने १८९७ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०५ मध्ये, न्यू साउथ वेल्सने १९०९ मध्ये. नाव संरक्षणाचे, पण त्या कायद्यांनी या लोकांनी कोठे राहावे, कोठे काम करावे आणि त्यांची मुले कोणी वाढवावीत, हे ठरविण्याचा अधिकार सरकारी मंडळांच्या व अधिकाऱ्यांच्या हाती गेला. न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ सालच्या दुरुस्तीने तर मुलाची हेळसांड होत आहे हे न्यायालयापुढे सिद्ध करण्याची अटही काढून टाकली. मंडळाला योग्य वाटले की मूल उचलता येई. मुलांना आश्रमांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवण्यात येई, त्यांची भाषा सोडविण्यात येई, आणि कित्येकांना आई जिवंत असून ती मेली असे सांगण्यात येई.

मानवी हक्क आयोगाने १९९७ साली या सर्व प्रकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. १९१० ते १९७० या काळात दर दहा मुलांमागे एक ते दर तीन मुलांमागे एक, या प्रमाणात मुले कुटुंबांतून काढली गेली असावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल देशाच्या वतीने क्षमा मागितली. क्षमा मागितली ही गोष्ट थोर आहे. पण मुलांना उचलून नेताना अनेक ठिकाणी दारात उभा राहिलेला माणूस पोलीस शिपाई होता, ही आठवण क्षमेने पुसली जात नाही. आज ज्या स्त्रीला आम्ही ‘पोलिसांना बोलाव’ असे सांगतो, तिच्या आजीला पोलिसांची गाडी दिसताच मुलांना झाडीत लपवावे लागत होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे तिच्या मौनाचा अर्थ उलगडू लागतो.

आणि ही केवळ आठवणीची गोष्ट नाही. आजही घराबाहेर सरकारी देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांत शेकडा चाळीसहून अधिक मुले याच समाजाची आहेत. इतर मुलांच्या मानाने त्यांचे प्रमाण सुमारे दहा पट आहे. घरात हिंसा आहे हे कळले की बालसंरक्षण खाते चौकशीला येते, आणि ‘आईला मुलाचे रक्षण करता आले नाही’ असा शेरा पडू शकतो. म्हणजे मार खाल्ला तो आईने आणि मूल गमावण्याची वेळही आईवरच. अशा स्थितीत तोंड मिटून राहणाऱ्या आईला मूर्ख कोण म्हणेल?

दुसरी भीती पुरुषाविषयीची आहे, पण ती आपल्याला वाटते त्याहून निराळी. पोलीस कोठडीत व तुरुंगात मूळ रहिवाशांचे मृत्यू इतके होऊ लागले की १९८७ साली त्यांच्या चौकशीसाठी राजआयोग नेमावा लागला. त्याने ९९ मृत्यूंची तपासणी करून १९९१ साली ३३९ शिफारशी केल्या. कोठडीतील मृत्यू त्यानंतरही थांबलेले नाहीत. तेव्हा नवऱ्याची मारहाण थांबावी असे वाटणाऱ्या स्त्रीला तो कोठडीत मरावा असे वाटत नसते. आणि तसे काही घडले तर दोन्ही कुळांत तिचे तोंड दाखविणे कठीण होईल, हे तिला ठाऊक असते.

तिसरी भीती सर्वांत विलक्षण आहे: आपल्यालाच गुन्हेगार ठरविले जाईल ही. पोलीस घरी पोहोचतात तेव्हा बाई संतापलेली असते, ओरडत असते, कदाचित तिनेही बचावासाठी काही फेकून मारलेले असते. पुरुष शांत उभा असतो आणि पोलिसांना समजेल अशा इंग्रजीत आपली बाजू मांडतो. निर्णय पाच मिनिटांत व्हायचा असतो. अशा वेळी आदेश तिच्याच विरुद्ध निघतो. आणि एकदा तिची नोंद हल्लेखोर म्हणून झाली की पुढे प्रत्येक खात्याच्या कागदांत तीच नोंद तिच्या आधी जाऊन बसते. क्वीन्सलंडमध्ये घरगुती हिंसेतील मृत्यूंची तपासणी करणाऱ्या मंडळाला २०१७ साली असे आढळून आले की, मारल्या गेलेल्या ज्या मूळ रहिवासी स्त्रियांची प्रकरणे त्याने तपासली, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीविरुद्ध पूर्वी कधी ना कधी हिंसा करणारी म्हणून कारवाई झालेली होती.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका बावीस वर्षांच्या यामाजी तरुणीचे प्रकरण प्रसिद्ध आहे. मृताचे पहिले नाव उच्चारू नये असा तिच्या लोकांचा रिवाज असल्याने सर्वत्र तिचा उल्लेख ‘मिस धू’ असा होतो. ऑगस्ट २०१४ मध्ये साउथ हेडलंड येथे तिच्या सोबत्याने संरक्षण आदेश मोडल्याच्या प्रकरणात पोलीस घरी आले. त्यांनी त्याला पकडले. पण तपासणीत तिच्या नावावर ३,६२२ डॉलरचा न भरलेला दंड दिसला, म्हणून तिलाही कोठडीत टाकले. त्याने पूर्वी मोडलेल्या तिच्या बरगडीत जंतुदोष झालेला होता. ती वेदनेने कण्हत राहिली. पोलिसांना ते ढोंग वाटले. दोनदा रुग्णालयातून परत पाठविल्यावर तिसऱ्या खेपेस ती मरण पावली. २०१६ च्या डिसेंबरात मृत्यूचौकशी अधिकाऱ्यांनी काही पोलिसांची वागणूक अमानुष होती असा निर्वाळा दिला, आणि दंडापायी कोठडी देण्याचा कायदा त्या राज्याने २०२० मध्ये बऱ्याच अंशी बदलला. पण त्या गावातील स्त्रियांनी यातून काय धडा घेतला असेल? मदतीसाठी आलेली गाडी आपल्यालाच घेऊन जाऊ शकते, हाच.

कायदा काय देतो?

येथे कोणी म्हणेल की कायदाच मुळात सदोष असेल. तसे मात्र म्हणता येत नाही. आपल्याकडील २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात जसा संरक्षण आदेश आहे, तसाच तेथे प्रत्येक राज्यात निरनिराळ्या नावांनी आहे. आदेश दिवाणी स्वरूपाचा असतो. तो मोडला तर मात्र फौजदारी गुन्हा होतो. २५ नोव्हेंबर २०१७ पासून एका राज्यात मिळालेला आदेश देशभर आपोआप मानला जातो. ज्या वाळवंटी प्रदेशात एकाच गोतावळ्याची जमीन तीन राज्यांत पसरलेली आहे, तेथे ही सुधारणा किती मोलाची आहे हे सांगावयास नको.

व्हिक्टोरियाचा २००८ चा कायदा तर पाहण्याजोगा आहे. त्याने हिंसेची व्याख्या अंगावरच्या मारापुरती ठेवली नाही; पैसा अडवून धरणे, धमकावणे, मनाचा छळ करणे हेही तिच्यात घेतले. एखाद्या व्यक्तीला तिच्या कुटुंबापासून, संस्कृतीपासून, धार्मिक विधींपासून तोडणे हे छळाचे उदाहरण म्हणून त्यात दिले आहे. मूळ रहिवाशांच्या बाबतीत ‘नातेवाईक’ कोण, हे त्यांच्या परंपरेनुसार ठरावे असेही त्यात म्हटले आहे. आपल्या मराठी घरांतही मावशीला आई आणि चुलत्याला बाप मानण्याची भाषा आहे; तेथे तर हे नाते केवळ बोलण्यातले नसून कर्तव्यांचे असते. सहा घरांपलीकडचा माणूसही तिच्या दृष्टीने भाऊ असतो, आणि हिंसा त्याच्याकडूनही होऊ शकते. कायद्याने हे ओळखले.

म्हणजे तरतुदी आहेत. अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत आहे.

मौनाची भाषा

या वाटेवरचा पहिला खडक भाषेचा आहे. दूरच्या प्रदेशांत कित्येक स्त्रियांची इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा असते. पण केवळ शब्दांचे भाषांतर करून भागत नाही. अधिकारी व्यक्तीने एकामागून एक प्रश्न विचारले की, अर्थ कळो न कळो, ‘हो’ म्हणत जाण्याची एक रीत तेथे भाषाशास्त्रज्ञांनी नोंदविली आहे. तो ‘हो’ कबुलीचा नसतो. प्रसंग लवकर व निमूटपणे संपावा म्हणून दिलेला असतो. त्याचप्रमाणे प्रश्नानंतरची दीर्घ शांतता ही विचार करण्याची खूण असते. इंग्रजी न्यायालयात मात्र ‘हो’ म्हणजे मान्य आणि शांतता म्हणजे काहीतरी लपविणे. १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीच्या वरिष्ठ न्यायालयाने अनुंगा खटल्यात मूळ रहिवाशांची पोलीस चौकशी कशी व्हावी याचे नियम घालून दिले: दुभाषा असावा, विश्वासाचे माणूस जवळ असावे, उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. हे नियम आरोपींसाठी होते. फिर्यादी स्त्रीसाठी तेवढीच काळजी घेतली पाहिजे, हे समजायला पुढे बराच काळ जावा लागला.

न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या मौनाचा विपरीत अर्थ लावावा, याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपींना सोडले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, याला निकालात महत्त्व आले. पोलीस ठाण्यात, रात्री, वर्दीतल्या माणसांपुढे एक गरीब मुलगी आरडाओरडा कसा करील, हा प्रश्न उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशापुढे आला. पुढे १९८३ साली कायदा बदलला. हे उदाहरण आम्ही तुलनेसाठी म्हणून देत नाही. दोन्ही समाजांचा इतिहास निराळा आहे. परंतु समोरच्या माणसाची न बोलण्याची भाषा ज्याला येत नाही, त्याच्या हातून प्रामाणिकपणेही अन्याय होतो, एवढे त्यावरून दिसते.

‘सांस्कृतिक सुरक्षितता’ म्हणजे काय?

हा शब्दप्रयोग प्रथम रूढ झाला तो न्यूझीलंडमध्ये, आणि तोही वकिलांत नव्हे तर परिचारिकांत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी ही कल्पना विकसित केली आणि १९९२ साली तेथील परिचारिका परिषदेने ती शिक्षणक्रमात घेतली. कल्पनेचा गाभा असा. रुग्णाच्या चालीरीतींची माहिती पाठ केल्याने परिचारिका सुरक्षित होत नाही. आपल्या हातात सत्ता आहे, आपल्याही मनात पूर्वग्रह आहेत, आणि आपल्या संस्थेचा इतिहास समोरच्या माणसाने भोगलेला आहे, याची जाणीव तिला असली पाहिजे. आणि मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही, याचा निर्णय सेवा देणाऱ्याने करावयाचा नाही. तो घेणाऱ्याने करावयाचा.

हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. आमच्या कचेरीत सर्वांशी सारखेच वागले जाते, असे वकील म्हणेल. ते खरेही असेल. पण ती बाई बाहेर पडून ‘पुन्हा तेथे जाणार नाही’ असे म्हणत असेल, तर या कसोटीवर ती कचेरी नापास झाली.

मदतीची नवी पद्धत

मूळ रहिवाशांसाठी पहिली विधी सेवा सिडनीच्या रेडफर्न भागात १९७० साली निघाली. पोलिसी जाचापासून तरुणांचा बचाव करणे हे तिचे मुख्य काम होते आणि ते अत्यंत आवश्यक होते. परंतु यातूनच स्त्रियांपुढे एक पेच उभा राहिला. मारहाणीचा आरोप असलेला पुरुष आधीच या सेवेचा अशील झालेला असे. आणि एकाच वकिलाने दोन्ही पक्षांचे काम करू नये हा वकिलीचा नियम. मग गावात असलेल्या एकुलत्या एका आपल्या कचेरीतून बाईला परत जावे लागे, आणि परक्या कचेरीत जाण्याची तिची छाती होत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कौटुंबिक हिंसा प्रतिबंधक विधी सेवा स्वतंत्रपणे निघू लागल्या. त्या हिंसा भोगलेल्यांचेच वकीलपत्र घेतात, आणि त्यांचा कारभार मूळ रहिवाशांच्या स्वतःच्या संस्थांकडे असतो.

व्हिक्टोरियातील अशी संस्था २००२ साली स्थापन झाली. ॲन्टोनेट ब्रेब्रूक या तिच्या आरंभापासूनच्या प्रमुख. २०१८ साली संस्थेने ‘जिर्रा’ हे नाव घेतले. वॉइवुरंग भाषेत जिर्रा म्हणजे टोपल्या विणण्यासाठी वुरुंजेरी स्त्रिया वापरीत असलेला लव्हाळा. टोपल्या विणायला बायका एकत्र बसत, तेव्हाच सुखदुःखाच्या गोष्टी निघत आणि मार्गही निघत. आपल्या जात्यावर आणि पाणवठ्यावर जे होई, तेच.

या सेवांची कार्यपद्धती कशी असते? पहिली गोष्ट म्हणजे वकील एकटा नसतो. त्याच्याबरोबर त्याच समाजातील एक कार्यकर्ती असते, आणि पुष्कळदा आधी तीच भेटते. पहिल्या भेटीत अर्जाचा कागद पुढे येत नाही. तू कोणाची, कोणत्या भूमीची, तुझी माणसे कोठे असतात, अशी ओळख होते. चहा होतो. घाई नसते. दुभाषी निवडताना ती तिच्या नवऱ्याच्या नात्यातली नाही ना, आणि जिच्याशी बोलणे रूढीने वर्ज्य आहे अशी नाही ना, हे पाहिले जाते. लहान वस्तीत ही दक्षता घेतली नाही, तर सगळी गुप्तता पहिल्याच दिवशी संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या सर्व अडचणी एकत्र पाहिल्या जातात. संरक्षण आदेश एका न्यायालयात, मुलांचा ताबा दुसऱ्या न्यायालयात, बालसंरक्षण खात्याची चौकशी तिसरीकडे आणि गुन्ह्याने पीडित झालेल्यांना मिळणारे अर्थसाहाय्य चौथीकडे, अशी वाटणी कायद्याने केली आहे. पण बाई एकच आहे. मूल जाईल ही तिची मुख्य भीती असेल, तर त्या भीतीचे काम आधी हाती घ्यावे लागते. मुलाला घराबाहेर ठेवण्याची वेळ आलीच, तर प्रथम नातलगांत, मग समाजात, आणि अखेरीस इतरत्र असा क्रम पाळण्याचे तत्त्व १९८० च्या दशकापासून तेथील कायद्यांत आले आहे. ते प्रत्यक्षात पाळले जाते की नाही यावर वकिलाचे लक्ष असावे लागते. आजीचे नाव वेळेवर न्यायालयापुढे आले तर मूल आजीकडे जाते. न आले तर परक्याकडे.

तिसरी गोष्ट म्हणजे तिला काय हवे हे तिलाच विचारले जाते. नवऱ्याने घर सोडावे असे प्रत्येकीला वाटत नाही. व्हिक्टोरियात असा मर्यादित आदेश मिळू शकतो की, दोघे एकत्र राहिले तरी चालेल, परंतु त्याने हिंसा करता कामा नये. कोणाला हा आदेश अपुरा वाटेल, आणि काही प्रसंगी तो धोक्याचाही ठरेल. तेव्हा वकिलाने धोका स्पष्ट सांगितलाच पाहिजे. पण निर्णय तिचा. तसेच कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती राहणार नाही, हेही आधीच सांगावे लागते. नॉर्दर्न टेरिटरीत २००९ पासून गंभीर इजेची घरगुती हिंसा कळली तर पोलिसांना कळविणे प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर बंधनकारक आहे. हे ठाऊक नसलेली स्त्री शेजारणीजवळ मन मोकळे करायला जाते आणि दारात पोलीस उभे राहतात.

चौथी गोष्ट कचेरीच्या भिंतीबाहेरची आहे. जिर्रा संस्था स्त्रियांसाठी दिवसभराचे मेळावे भरवते. तेथे केस धुऊन-विंचरून दिले जातात, अंग चोळून मिळते, गाणी होतात, जेवण होते. आणि त्याच सभागृहात एका बाजूला वकील बाई बसलेल्या असतात. येणारी स्त्री कशासाठी आली हे कोणाला कळत नाही. वकिलाच्या पाटीखालून आत जाण्याची लाज जिला वाटते, ती येथे सहज बोलते. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात १९८० साली स्थापन झालेली तीन भाषागटांतील स्त्रियांची परिषद तर शेकडो मैलांवरच्या वस्त्यांपर्यंत गाड्या घेऊन जाते.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येतो की, एका समाजाला वेगळे वकील दिल्याने कायद्याची समता भंगते. परंतु न्यायालय तेच आहे, कायदा तोच आहे, पुराव्याचे नियमही तेच आहेत. वेगळी आहे ती फक्त तेथवर जाण्याची वाट. नदीच्या पैलतीरावर राहणाऱ्यांसाठी होडी ठेवली, म्हणून अलीकडच्यांवर अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संस्कृतीचा मान राखण्याच्या नावाखाली बायकांना मारण्याच्या रूढीलाच आश्रय मिळणार नाही काय? ही शंका खोटी नाही. रूढीची सबब सांगून शिक्षा सौम्य करून घेण्याचे प्रयत्न तेथील न्यायालयांत झाले आहेत. परंतु त्याला सर्वांत कडवा विरोध केला तो त्याच समाजातील स्त्रियांनी. क्वीन्सलंडमध्ये बोनी रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली मूळ रहिवासी स्त्रियांच्या कृतिगटाने १९९९ साली दिलेल्या अहवालात आपल्या वस्त्यांतील हिंसेचे वर्णन कोणतीही भीड न ठेवता केले आहे. हिंसा ही आमची परंपरा नव्हे, असे त्या स्त्रिया स्पष्ट सांगतात. उलट बाजूने, याच हिंसेचे निमित्त करून जून २००७ मध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीच्या वस्त्यांत सैनिकांसह हस्तक्षेप केला, लोकांच्या अनुदानाची निम्मी रक्कम आपल्या नियंत्रणात घेतली, आणि त्यासाठी १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता स्थगित ठेवला. म्हणजे एकीकडे रूढीचे नाव घेऊन तिला मारणारा आणि दुसरीकडे तिचे नाव घेऊन तिच्या सबंध समाजाचे हक्क काढून घेणारा, अशा दोघांच्या मध्ये ती उभी असते. सुरक्षित मदतीचा अर्थ असा की, हिंसेपासून सुटण्यासाठी तिला आपल्या माणसांपासून तुटावे लागू नये.

अजून काय उरले आहे?

हे सर्व वाचून प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. वकिलाने आदेश मिळवून दिला तरी राहायला दुसरे घर नसेल, तर बाई त्याच घरी परतते. पोलीस ठाणे तासन्‌तासांच्या अंतरावर असेल, तर आदेश हा कागदच राहतो. व्हिक्टोरियाच्या राजआयोगाने मार्च २०१६ मध्ये २२७ शिफारशी केल्या. ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने बेपत्ता व मारल्या गेलेल्या मूळ रहिवासी स्त्रियांविषयीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरला नॉर्दर्न टेरिटरीच्या मृत्यूचौकशी अधिकारी एलिझाबेथ आर्मिटेज यांनी चार स्त्रियांच्या मृत्यूंची चौकशी संपवून ३५ शिफारशी केल्या. २०२० च्या राष्ट्रीय करारात ही हिंसा २०३१ पर्यंत किमान निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट लिहिले आहे. शिफारशींची वाण पडलेली नाही. वाण आहे ती घरांची, दुभाष्यांची, आश्रयस्थानांची आणि या विधी सेवांना नियमितपणे मिळणाऱ्या पैशाची.

आम्हा श्रोत्यांनी यातून काय घ्यावे? आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. तो हक्क कितीजणींपर्यंत पोहोचला याची मोजणी आपण अर्जांच्या संख्येवरून करतो. ऑस्ट्रेलियातील या स्त्रियांनी मोजण्याचे दुसरे माप दिले आहे. मदत घेतलेली बाई अडचण पडली तर पुन्हा त्याच दारी येते का, आणि आपल्या बहिणीलाही बरोबर आणते का? तालुक्याच्या गावी भरणाऱ्या पुढच्या विधी शिबिरात व्यासपीठावर कोण बसले होते, यापेक्षा परत जाताना बायका आपसांत काय बोलत होत्या, याची चौकशी कोणी केली, तरी या व्याख्यानाचा उपयोग झाला असे आम्ही समजू.